टॉम आणि जेरी : सहकुटुंब पाहावे का?

एका शिक्षिकेचे पत्र आमच्यापुढे आहे. त्यांच्या शाळेत पालक मेळाव्याच्या दिवशी भाषणांना फाटा देऊन मुले, पालक आणि आजीआजोबा यांना एकत्र बसवावे व तासभर कार्टून दाखवावे असे ठरले. ‘टॉम अँड जेरी’ची निवड झाली. लगेच दोन हरकती आल्या. काही पालक म्हणाले, ‘‘मारामारीशिवाय त्यात आहे काय?’’ आणि शाळेतल्याच विज्ञानाच्या एका गुरुजींचे म्हणणे पडले, ‘‘त्यात न्यूटनचा एकही नियम पाळलेला नसतो. मुलांच्या डोक्यात चुकीच्या कल्पना बसतील.’’ बाई लिहितात, ‘हे कार्टून सहकुटुंब पाहण्याजोगे आहे की नाही, हो किंवा नाही एवढेच कळवा.’

एवढ्यात उत्तर देणे आम्हाला जमलेले नाही. पण प्रश्न टाळण्याजोगाही नाही. चित्रपटगृहात जाणाऱ्या चित्रपटाला प्रमाणपत्र असते. २०२४ च्या नव्या नियमांनुसार तर ‘यूए’ प्रमाणपत्रातही सात, तेरा आणि सोळा वर्षे अशा तीन पायऱ्या झाल्या आहेत. दूरचित्रवाणीवरच्या कार्टून मालिकेला असे प्रमाणपत्र घ्यावे लागत नाही. केबल दूरचित्रवाणीच्या १९९४ च्या नियमांत मुलांच्या कार्यक्रमांत अपशब्द आणि उघड हिंसा नसावी असे म्हटले आहे खरे, पण उघड हिंसा कशाला म्हणायचे? इस्त्रीने टॉमचे तोंड चपटे झाले, ही हिंसा की विनोद? निर्णय शेवटी घरात आणि शाळेत घ्यावा लागतो, आणि बहुधा आवाज लहान करून कार्टून लावून दिले की तो घेतला गेला असे आपण समजतो.

पत्र आल्यावर आम्ही काही जुने भाग पुन्हा बसून पाहिले. जुने म्हणजे विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी एमजीएम या चित्रपटसंस्थेत केलेले. त्यांतला पहिला, ‘पस गेट्स द बूट’, १९४० मध्ये आला. १९५८ पर्यंत या जोडीने असे ११४ लघुपट केले आणि त्यांपैकी सातांना ऑस्कर मिळाले. हे लघुपट मुलांसाठी केलेलेच नव्हते. मुख्य चित्रपट सुरू होण्यापूर्वी चित्रपटगृहात ते दाखवीत, आणि समोर सर्व वयांचे प्रेक्षक असत. १९६५ पासून अमेरिकेत ते शनिवारी सकाळी दूरचित्रवाणीवर दाखवू लागले आणि त्या वेळेमुळे ते ‘मुलांचे’ झाले. आपल्याकडे १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क वाहिनी आली तेव्हा ते मुलांचेच म्हणून आले. चित्र हाताने काढलेले आहे, पात्रे प्राणी आहेत, म्हणजे मजकूर बालोपयोगी, असे आपण धरून चालतो. पंचतंत्रातही प्राणी आहेत, आणि त्यातली प्रत्येक गोष्ट बालवाडीत सांगण्याजोगी नाही.

प्रथम विज्ञानाच्या गुरुजींची हरकत, कारण ती आमच्या घरची आहे. टॉम धावत गच्चीच्या कडेपलीकडे जातो, हवेत थांबतो, खाली पाहतो आणि मगच पडतो. हे पाहून मुलाला गुरुत्वाकर्षण चुकीचे कळेल का? आम्हाला तसे वाटत नाही. एमी नीडहॅम आणि रेने बायरजॉन यांनी १९९३ मध्ये साडेचार महिन्यांच्या बाळांवर प्रयोग केले. बाळासमोर हाताने एक खोका दुसऱ्या खोक्यावर ठेवला जाई. कधी तो हवेतच सोडला जाई आणि तरीही (गुप्त आधारामुळे) पडत नसे. तो न पडणारा खोका बाळे अधिक वेळ टक लावून पाहत. आधार काढला की वस्तू पडायला हवी, हे ज्याला बोलताही येत नाही त्या जीवाला काही अंशी ठाऊक असते. टॉम हवेत थांबल्यावर मूल हसते ते याच अपेक्षेचा भंग झाला म्हणून.

आणि गतीविषयीच्या ज्या चुकीच्या समजुती मुलांत खरोखर आढळतात, त्या कार्टूनमधून आलेल्या दिसत नाहीत. चालता चालता हातातला चेंडू सोडला तर तो सोडल्या जागेच्या थेट खाली पडेल, असे पुष्कळ शिकलेली माणसेही सांगतात. अमेरिकेत मायकेल मॅक्लॉस्की व सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास महाविद्यालयीन विद्यार्थ्यांत या आणि अशा चुका दाखवून दिल्या. त्या डोळ्यांच्या रोजच्या अनुभवातून येतात. गुरुजींनी वर्गात चालत जाऊन चेंडू सोडून दाखवावा. टॉमवर राग धरू नये. उलट टॉमचे पडणे दाखवून ‘यात काय चुकले?’ असे सातवीला विचारले तर तास चांगला रंगतो, हा आमचा अनुभव आहे.

आता मारामारी. येथे पालकांच्या बाजूला एक नावाजलेला प्रयोग आहे आणि योगायोगाने त्यातही एक मांजर आहे. अल्बर्ट बांडुरा आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये स्टॅनफर्डच्या बालवाडीतल्या ९६ मुलांचे गट केले. एका गटाने मोठ्या माणसाला प्रत्यक्ष एका फुगीर बाहुल्याला मारताना पाहिले, दुसऱ्याने तेच चित्रफितीत पाहिले, आणि तिसऱ्याने कार्टूनसारखी फीत पाहिली: रंगीत झाडे-फुलपाखरांच्या देखाव्यात काळ्या मांजरीचा पोशाख केलेली व्यक्ती त्याच बाहुल्याला बदडते आहे. नंतर मुलांना खेळण्यांच्या खोलीत सोडले. चित्रफीत पाहिलेल्या मुलांनी, मग त्यात माणूस असो की मांजर, न पाहिलेल्यांच्या जवळजवळ दुप्पट आक्रमक वर्तन केले. ‘हे काय, खोटेच तर आहे’ हा बचाव येथे टिकत नाही.

पण हा प्रयोग जेवढा सांगितला जातो तेवढा वाचला जात नाही. तो बाहुला तळाशी जड असून मारले की परत उभा राहणारा होता. मारण्यासाठीच केलेली ती वस्तू. खोलीत सोडण्याआधी मुलांना छान खेळणी दाखवून ती काढून घेतली होती, म्हणजे मुले आधीच चिडलेली होती. आणि मोजमाप लगेच झाले. सहा महिन्यांनी त्या मुलांनी शेजारच्या बाळूला मारले की नाही, हे त्यातून कळत नाही. कार्टून पाहणारी मुले गुंड होतात असा निष्कर्ष त्यावरून काढणे म्हणजे एका तापमापीवरून पावसाळ्याचे भाकीत करणे होय.

आम्हाला त्याच मालिकेतला १९६५ चा प्रयोग अधिक मोलाचा वाटतो. त्यात ६६ मुलांना फीत दाखवली. एकीत मारणाऱ्याला बक्षीस मिळते, एकीत शिक्षा, एकीत काहीच नाही. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी कमी अनुकरण केले. येथवर आपल्याला बरे वाटते. पण मग सर्वांना सांगितले, ‘त्याने काय काय केले ते करून दाखव, बक्षीस मिळेल.’ तेव्हा तिन्ही गटांनी जवळजवळ सारखेच करून दाखवले. शिकणे सगळ्यांचेच झाले होते. शिक्षेने फक्त त्याचे दर्शन रोखले होते. ‘शेवटी दुष्टाला शिक्षा होते ना, मग हरकत नाही’ असे आपण मुलांच्या गोष्टींबाबत नेहमी म्हणतो. टॉमला प्रत्येक भागात शिक्षा होते. काय करायचे ते मात्र मुलाने पाहिलेले असते.

म्हणून मारामारी किती, यापेक्षा ती कशाने, हे पाहावे असे आमचे म्हणणे आहे. ‘माऊस ट्रबल’ (१९४४) पाहा. टॉमला उंदीर पकडण्याचे पुस्तक मिळते आणि तो एकेक उपाय करून पाहतो. बंदूक आहे, सापळा आहे, शेवटी स्फोटके आहेत आणि घरच उडते. ठोसे मोजले तर हा भाग फार हिंसक ठरेल. पण आपल्या घरातले पाच वर्षांचे मूल स्फोटके कोठून आणणार? ‘हेवनली पस’मध्ये (१९४९) जिन्यावरून घसरलेला पियानो टॉमच्या अंगावर येतो. पियानो कोणाच्या घरी आहे?

आता ‘डॉ. जेकिल अँड मिस्टर माऊस’ (१९४७) घ्या. ठोसे येथेही आहेत, पण मुद्दा दुसरा आहे. जेरी वारंवार टॉमचे दूध पितो. टॉम चिडतो आणि घरातली निरनिराळी रसायने दुधात मिसळून विष तयार करतो. जेरी ते पितो, आणि मरण्याऐवजी बलवान होऊन टॉमला बदडतो. जोर ओसरला की पुन्हा पितो. पाहायला फार मजेदार आहे. आणि त्यातली प्रत्येक वस्तू आपल्या मोरीत, माळ्यावर, ओट्याखाली आहे. फिनेल, डांबरगोळ्या, संडास धुण्याचे आम्ल, आणि पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवलेले रॉकेल. ब्लीचिंग पावडरीवर ते आम्ल पडले तर क्लोरीन वायू सुटतो, हे आठवीच्या मुलालाही माहीत नसते आणि पुष्कळ घरांत मोठ्यांनाही नसते. ‘द कॅट कन्चर्टो’ (१९४७) हा तर सर्वांत सभ्य भाग समजला जातो. लिस्टची दुसरी हंगेरियन ऱ्हॅप्सडी वाजवणारा टॉम, आणि ऑस्करही मिळालेले. त्यात जेरी टॉमचे बोट कापायला पियानोच्या पट्ट्यांत कात्री धरतो. पियानो घरी नाही, पण कात्री आहे.

ब्रिटनमधले चित्रपटांचे वर्गीकरण करणारे मंडळ हा विचार फार पूर्वीपासून करते. सहज अनुकरण करता येण्याजोगी धोक्याची कृती पडद्यावर आहे का, हा त्यांच्या तपासणीतला वेगळा प्रश्न असतो. साधा प्रश्न आहे, पण तो विचारला की आपल्या नेहमीच्या याद्या उलटसुलट होतात. आणि त्याचे उत्तर गावोगाव बदलते. ‘पेपा पिग’ या ब्रिटिश कार्टूनइतके निरुपद्रवी दुसरे काही शोधून सापडणार नाही. त्यातल्या एका भागात बाबा मुलीला समजावतात की कोळी लहान असतात, ते आपल्याला काही करू शकत नाहीत, घाबरू नये. मग त्या कोळ्याशी मैत्री होते. ब्रिटनमध्ये हे उत्तम विज्ञानशिक्षण आहे. ऑस्ट्रेलियात, जेथे माणसाला खरोखर धोकादायक असे कोळी आहेत, तेथल्या सार्वजनिक वाहिनीने २०१२ मध्ये तो भाग दाखवणे बंद केले. मारामारी नाही, अपशब्द नाही, तरी अयोग्य. आपल्याकडे दगडाखाली हात घालणाऱ्या मुलांना फुरसे आणि विंचू ठाऊक असलेल्या कोकणातल्या शिक्षकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

जपानमधली १९९७ ची घटना तर गोष्टीच्याही पलीकडची आहे. १६ डिसेंबरला ‘पोकेमॉन’च्या एका भागात स्फोटाचे दृश्य म्हणून लाल आणि निळा रंग सेकंदाला सुमारे बारा वेळा आलटूनपालटून काही सेकंद चमकले, आणि त्या रात्री ६८५ मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. काही मेंदूंना अशा लुकलुकणाऱ्या प्रकाशाने झटका येतो. लाल रंग त्यात विशेष वाईट. मालिका चार महिने बंद राहिली, आणि चमक सेकंदाला तीनपेक्षा अधिक नसावी असे नियम जपानमध्ये आले. गोष्ट तपासणाऱ्या कोणाच्याही नजरेला यातले काही पडले नसते. अंधाऱ्या खोलीत पडद्याला नाक लावून बसू नये, ही आजीची तक्रार त्या बाबतीत तरी अगदी शास्त्रशुद्ध आहे.

येथवर आमचे मत बरेच तयार झाले होते आणि लेख येथे संपवता आला असता. पण भाग पाहताना एक गोष्ट अशी दिसली की पूर्वी अनेकदा पाहूनही आम्ही ती पाहिली नव्हती. स्फोट होतो, धूर निवतो आणि टॉमचा चेहरा काळा झालेला असतो. ओठ जाड, डोळे गोल. यावर हसायचे असते. आम्ही हसत आलो आहोत. काजळी लागली, एवढेच वाटे. अमेरिकेत त्या चेहऱ्याला इतिहास आहे. गोरे नट तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करीत आणि त्या नकलेवर लोक हसत, त्या खेळांचा तो चेहरा आहे. पहिल्याच भागापासून घरातली मोलकरीण दिसते ती एक कृष्णवर्णीय बाई. तिचे पाय, चपला आणि आवाज एवढेच आपल्याला भेटते, चेहरा नाही म्हटले तरी चालेल. तिच्याविरुद्ध कृष्णवर्णीयांच्या संघटनेने त्या काळीच निषेध केला होता आणि १९५२ नंतर ती दिसेनाशी झाली. २०१४ मध्ये हे भाग इंटरनेटवरून विकणाऱ्या कंपन्यांनी त्यांत वांशिक पूर्वग्रह आहेत अशी सूचना जोडली.

तो त्यांच्या समाजाचा प्रश्न, असे म्हणून आम्हाला पुढे जाता येईना. आपल्या वर्गात ‘काळ्या’ हे टोपणनाव कोणाला तरी असतेच. स्नेहसंमेलनात परी कोण आणि राक्षस कोण हे रंगावरून ठरते आणि ते आपणच ठरवतो. टॉमने जेरीच्या डोक्यात तवा घातला म्हणून मूल तवा घेऊन धावत नाही. काळ्या तोंडाला हसायचे असते, हे मात्र ते कोणाचेही लक्ष नसताना शिकते, आणि दुसऱ्या दिवशी त्याचे अनुकरण करायला त्याला कपाट उघडावे लागत नाही. अनुकरण करण्याजोगे काय, या आमच्याच कसोटीला हा विनोद सर्वांत आधी लागू व्हायला हवा होता, आणि आम्ही तो सर्वांत शेवटी लावला. पालकांनी हरकतीत त्याचा उल्लेख केला नव्हता. आम्हीही कोणी सांगितल्यावाचून तो वर्षानुवर्षे केला नाही.

कात्री लावून ही दृश्ये काढावीत का? काही वाहिन्यांनी काढली आहेत. पाच वर्षांच्या मुलासाठी तो उपाय बरा. आठवी-नववीसाठी तो वाईट, कारण मग बोलायला काही उरत नाही. या वयाची मुले ‘यात हसण्यासारखे काय होते?’ या प्रश्नावर आपल्यापेक्षा स्पष्ट बोलतात. ‘द टू माउस्केटिअर्स’च्या (१९५२) शेवटी टॉमचा शिरच्छेद होतो, पडद्याबाहेर, फक्त आवाज येतो आणि छोटा उंदीर चुकचुकतो. आम्ही तो भाग काही विद्यार्थ्यांबरोबर पाहिला तेव्हा मुले हसली आणि मग एक मुलगी म्हणाली, ‘‘तो तर फक्त जेवणाची राखण करत होता.’’ टॉमचा अपराध काय, यावर पुढचा अर्धा तास वाद झाला. ‘पस गेट्स द बूट’मध्येही वस्तू फुटल्या तर घराबाहेर काढीन असा दम मांजराला दिलेला असतो, आणि उंदीर मुद्दाम वस्तू फोडायला निघतो. जेरी नेहमीच गरीब बिचारा नसतो, हे मोठ्या मुलांनी स्वतः शोधलेले बरे.

तेव्हा पत्र लिहिणाऱ्या बाईंना आमचे उत्तर असे. सहा वर्षांखालच्या मुलांना या लघुपटांपुढे एकटे बसवू नये. मोठे माणूस शेजारी, म्हणजे खोलीत नव्हे, शेजारी हवे, आणि दुधात विष कालवणारा भाग त्यांना दाखवूच नये. पुढच्या वयाच्या मुलांनी ते जरूर पाहावेत. दृष्टीने आणि संगीताने इतके नेमके विनोद फार थोडे झाले आहेत, आणि आजोबा व नातू एकाच क्षणी हसतात असे पडद्यावर दुसरे काय आहे ते आम्हाला चटकन आठवत नाही. हल्ली प्रत्येकाच्या हातात वेगळा पडदा असताना तर ही गोष्ट लहान नव्हे.

पालक मेळाव्यासाठी सात-सात मिनिटांचे चारच भाग घ्यावेत, तासभर नको. ते शिक्षकांनी आदल्या दिवशी संपूर्ण पाहून निवडावेत; वाहिनीवर जे लागेल ते नको. ‘माऊस ट्रबल’ आणि ‘द कॅट कन्चर्टो’ चालतील, कात्रीविषयी पहिलीच्या बाई दोन शब्द बोलतीलच. खोलीतले दिवे चालू ठेवावेत. ‘डॉ. जेकिल’ आठवीसाठी राखून ठेवावा, आणि त्या तासाला घरातून साफसफाईच्या बाटल्या नव्हे, तर त्यांवरील मजकूर वहीत उतरवून आणायला सांगावे. ज्यांच्या घरी बिनचिठ्ठीची बाटली सापडेल त्यांनी तीही नोंदवावी. अशा किती सापडल्या ते बाईंनी आम्हाला कळवावे.